चिप लहान होते, मग गेम कन्सोल स्वस्त का होत नाही?

मावळातले सुदुंबरे म्हटले की वारकऱ्यांना संताजी महाराज जगनाडे यांचे समाधिस्थळ आठवते. आज हे गाव दोन मोठ्या औद्योगिक पट्ट्यांच्या मधोमध आहे. एका अंगाला तळेगावची एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला चाकण. सप्टेंबर २०२२ मध्ये या पट्ट्यावरून राज्यात मोठा गदारोळ झाला. तळेगावला येणार अशी चर्चा असलेल्या वेदांत-फॉक्सकॉनच्या १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाचा करार १३ सप्टेंबरला गुजरात सरकारशी झाला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतूनच अंग काढून घेतले आणि तो प्रकल्प त्या स्वरूपात कुठेच उभा राहिला नाही.

प्रकल्प कुणामुळे गेला यावर भरपूर बोलले गेले. त्या गोंगाटात एक आकडा मात्र मागे पडला. तो होता २८ नॅनोमीटर. या कारखान्यात २८ नॅनोमीटर तंत्राच्या चिप बनणार होत्या. जगात ५ आणि ३ नॅनोमीटरच्या गोष्टी चालू असताना हे जुने तंत्र कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला एक घरगुती वस्तू उपयोगी पडते. ती म्हणजे मुलांचा गेम कन्सोल. २०१३ मध्ये जगात आणि जानेवारी २०१४ मध्ये भारतात आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ४ मधली मुख्य चिप याच २८ नॅनोमीटर तंत्राची होती. ती तैवानच्या टीएसएमसी कंपनीने बनवली होती.

चिपचे अर्थकारण समजून घ्यायला कन्सोलसारखे दुसरे उदाहरण नाही. मोबाइल दरवर्षी बदलतो. नवी चिप, नवा कॅमेरा, नवी किंमत. कन्सोलचे तसे नसते. एकदा बाजारात आलेला कन्सोल सहा-सात वर्षे तेच काम करतो, कारण त्याच्यासाठी लिहिलेला प्रत्येक गेम प्रत्येक यंत्रावर सारखाच चालला पाहिजे. काम ठरलेले आणि क्षमताही ठरलेली. त्यामुळे तंत्र सुधारले की त्याचा फायदा वेग वाढवण्याऐवजी खर्च कमी करण्याकडे वळवता येतो. म्हणूनच तंत्राच्या प्रगतीने पैशांत नेमका किती फरक पडला, हे कन्सोलमध्ये स्वच्छ दिसते.

चिक्कीची पोळी आणि सिलिकॉनची तबकडी

चिप एकेकटी बनत नाही. सिलिकॉनच्या गोल, पातळ तबकडीवर शेकडो चिप एकदम कोरल्या जातात आणि मग ती तबकडी कापून त्या सुट्या करतात. या तबकडीला वेफर म्हणतात. मोठ्या कारखान्यांत तिचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण एक फूट असतो.

लोणावळ्याच्या चिक्कीशी याची तुलना करता येते. गूळ-शेंगदाण्याचे गरम मिश्रण लाटून पसरायचे आणि सुरीने चौकोनी वड्या पाडायच्या. एका घाण्याचा गूळ, शेंगदाणे, गॅस आणि मजुरी यांचा खर्च ठरलेला असतो, वड्या मोठ्या पाडा की लहान. वड्या जितक्या लहान, तितका एकेका वडीच्या वाट्याला येणारा खर्च कमी. वेफरचेही तसेच आहे. प्रक्रिया संपूर्ण तबकडीवर होते, त्यामुळे खर्चही संपूर्ण तबकडीचा असतो. तो किती चिपमध्ये वाटला जातो, यावर एका चिपची किंमत ठरते.

दुसरा मुद्दा दोषाचा. समजा पसरलेल्या मिश्रणात चार ठिकाणी बारीक खडे आले. वड्या मोठ्या असतील आणि सगळ्या मिळून वीसच निघणार असतील, तर चार वाया जातील, म्हणजे पाचवा हिस्सा माल गेला. लहान शंभर वड्या पाडल्या, तरी वाया जाणार त्या चारच. वेफरवर धुळीचा कण पडला किंवा रेषा नीट उमटली नाही, की ती चिप बाद होते. चिप लहान असेल तर त्याच दोषांनी एकूण मालाचा लहान हिस्सा वाया जातो. तिसरा फायदा कडेचा. गोल तबकडीतून चौकोन कापताना कडेला तुकडे उरतात. चौकोन लहान असले की हे नुकसानही घटते.

चिप लहान होते ती तिच्यावरचे ट्रान्झिस्टर लहान झाल्यामुळे. पूर्वी तंत्राची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या सुमारे ०.७ पट असे: ९० नॅनोमीटर, मग ६५, मग ४५. लांबी ०.७ पट आणि रुंदीही ०.७ पट, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे. तेच सर्किट निम्म्या जागेत बसू लागले. हल्लीचे ७ किंवा ५ नॅनोमीटर हे आकडे मात्र चिपवरच्या कुठल्याही भागाचे प्रत्यक्ष माप नाहीत, ती पिढ्यांना दिलेली नावे आहेत.

निम्म्या जागेचा हिशेब

सोनीचा प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला. त्यात दोन मोठ्या चिप होत्या. गणिताचे काम करणारी सुमारे २४० चौरस मिलिमीटरची आणि चित्र काढणारी सुमारे २७९ चौरस मिलिमीटरची. सोनीने २००३ मध्ये ९० नॅनोमीटर तंत्र वापरून या दोन्ही एकाच चिपमध्ये आणल्या. तिचे क्षेत्रफळ होते ८६ चौरस मिलिमीटर, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याएवढे. पुढच्याच वर्षी यंत्राची सडपातळ आवृत्ती आली. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला हा कन्सोल २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९ आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. यंत्र इतके स्वस्त झाल्यामुळे ते भारतासारख्या देशांत नवा प्लेस्टेशन ३ आल्यानंतरही खपत राहिले. २००९ मध्ये तर भारतात तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा गेम या नऊ वर्षांच्या जुन्या यंत्रासाठी निघाला.

प्लेस्टेशन ३ ची कहाणी अधिक बोलकी आहे. २००६ मध्ये तो अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, तेव्हा तो बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होता. प्रत्येक नगावर तोटा सोसायचा, गेमच्या विक्रीतून तो भरून काढायचा आणि चिप लहान होण्याची वाट पाहायची, हाच या धंद्याचा हिशेब होता. मुख्य चिप ९० वरून ६५ आणि मग ४५ नॅनोमीटरवर आली. २००९ च्या सडपातळ आवृत्तीची किंमत २९९ डॉलर झाली.

बचत फक्त चिपमध्ये होत नाही. लहान ट्रान्झिस्टर कमी वीज खातात आणि कमी तापतात. मग पंखा लहान चालतो, उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा हलका होतो, वीजपुरवठ्याचा भाग छोटा होतो आणि यंत्राचा डबाही आक्रसतो. सडपातळ प्लेस्टेशन ३ चे आकारमान, वजन आणि विजेचा वापर हे सारे मूळच्या सुमारे दोनतृतीयांश झाले. डबा लहान झाला की जहाजाच्या एका कंटेनरमध्ये जास्त नग मावतात आणि वाहतूकही स्वस्त पडते.

उष्णता आवरली नाही तर काय होते, हे मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० मध्ये अनुभवले. यंत्रे मोठ्या संख्येने बंद पडू लागली, पुढच्या बाजूला लाल दिवे लागू लागले. जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. २०१० च्या नव्या आवृत्तीत दोन मुख्य चिप ४५ नॅनोमीटरच्या एकाच चिपमध्ये आल्या.

आता प्लेस्टेशन ४ चा हिशेब मांडू. २०१३ ची २८ नॅनोमीटरची चिप सुमारे ३४८ चौरस मिलिमीटर होती. २०१६ च्या सडपातळ आवृत्तीतली १६ नॅनोमीटरची चिप सुमारे २०९ चौरस मिलिमीटरवर आली. कडेचे नुकसान धरून ३०० मिलिमीटरच्या तबकडीत पहिल्या आकाराच्या साधारण १६५ आणि दुसऱ्या आकाराच्या साधारण २९० चिप बसतात. दर दहा चौरस सेंटिमीटरला सरासरी एक दोष आहे असे मानले, तर चांगल्या चिप अनुक्रमे ११८ आणि २३५ च्या आसपास हाती लागतात. चिपचे क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी घटले, पण चांगल्या चिपची संख्या जवळपास दुप्पट झाली. कन्सोलची किंमत अमेरिकेत ३९९ वरून २९९ डॉलर झाली आणि त्याची कमाल वीज २५० वॅटवरून १६५ वॅटवर आली. मेमरीचीही अशीच काटकसर झाली होती. सुरुवातीला आठ जीबी मेमरीसाठी सोळा चिप लागत, २०१५ च्या आवृत्तीपासून आठ पुरू लागल्या.

वाचलेला पैसा ग्राहकाच्याच खिशात जातो असे मात्र नाही. निन्तेंडोने २०१९ मध्ये स्विच कन्सोलची चिप २० वरून १६ नॅनोमीटरवर आणली. किंमत २९९ डॉलरच राहिली. ग्राहकाला मिळाले ते बॅटरीचे वाढीव तास. आधी अडीच ते साडेसहा तास चालणारे यंत्र साडेचार ते नऊ तास चालू लागले.

तबकडीच महागली

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नव्या तंत्राच्या तबकडीचा खर्च फार वाढत नाही, असे ते गृहीतक. चांगल्या चिप दुप्पट मिळाल्या आणि तबकडी दीडपट महाग झाली, तर चिपमागे पाव हिस्सा खर्च वाचतो. तबकडीही दुप्पट महागली, तर काहीच वाचत नाही. आज घोडे इथेच अडले आहे.

गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या घटकांची संख्या वाढत जाईल असे भाकीत केले, ते ‘मूरचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या मूळ लेखाचा गाभा खर्चाचाच होता. एका घटकामागे सर्वांत कमी खर्च यावा यासाठी एका चिपवर किती घटक बसवावेत, असा तो विचार होता. सुमारे पाच दशके दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्या. घटक वाढले आणि प्रत्येक घटक स्वस्त झाला. आता पहिली गोष्ट चालू आहे, दुसरी मंदावली आहे.

याचे कारण यंत्रांत आहे. रेषा फार बारीक झाल्या की प्रकाशाने त्या एका झटक्यात उमटवता येत नाहीत. एकाच थरासाठी तीच प्रक्रिया दोन-तीनदा करावी लागते. हे टाळायचे तर अतितीव्र अतिनील प्रकाश वापरणारी यंत्रे हवीत. ती जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते आणि एकेका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. शिवाय जुन्या चिपचा आराखडा नव्या तंत्रात उतरवायचा म्हणजे बरेचसे डिझाइन नव्याने करावे लागते, त्याची तपासणी आणि नवे साचे आलेच. या खर्चाचा आकडा पिढीगणिक फुगत गेला आहे. त्यात चिपचे सगळे भाग सारखे आक्रसतही नाहीत. चिपच्या आतल्या जलद मेमरीचा एक कप्पा टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर तंत्रात जेवढी जागा घेत होता, तेवढीच तो ३ नॅनोमीटरच्या एका प्रमुख आवृत्तीतही घेतो. नव्या तंत्राचे पैसे मोजायचे आणि जागा मात्र वाचायची नाही, अशी गत.

प्लेस्टेशन ५ मध्ये हे स्पष्ट दिसले. २०२० ची ७ नॅनोमीटरची चिप सुमारे ३०० चौरस मिलिमीटर होती. २०२२ मध्ये ती ६ नॅनोमीटरवर आणून सुमारे २६० चौरस मिलिमीटर केली गेली. वरच्याच पद्धतीने मोजले तर एका तबकडीतून चांगल्या चिप वीस-बावीस टक्के जास्त मिळतात. तबकडी तेवढीच महाग असेल तर चिपमागची बचत शून्य. यंत्र हलके झाले, सुरुवातीच्या साडेचार किलोवरून ३.९ किलोवर आले. विजेतही बचत झाली. किंमत मात्र उतरली नाही. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला हा कन्सोल नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचा झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरने वाढली. याच वयाचा प्लेस्टेशन २ निम्म्या किमतीला मिळत होता.

या वाढीचा सगळा दोष चिपला देता येणार नाही. महागाई, चलनाचे दर, आयात शुल्क, मेमरीच्या किमती हे सारे त्यात आहे. पण महागाई पूर्वीही होती. चिपमधली बचत तिच्यावर मात करायची, ती ढाल आता पातळ झाली आहे. कंपन्यांनीही हे ओळखले आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एकाच दिवशी दोन कन्सोल आणले. दोन्हींचे तंत्र तेच, ७ नॅनोमीटर. एकाची चिप ३६० चौरस मिलिमीटर आणि किंमत ४९९ डॉलर, दुसऱ्याची चिप १९७ चौरस मिलिमीटर आणि किंमत २९९ डॉलर. पूर्वी स्वस्त यंत्रासाठी चार वर्षे थांबावे लागे, आता ते पहिल्याच दिवशी कमी ताकदीचे करून विकले जाते. मोठी चिप तोडून तिचे लहान तुकडे वेगवेगळ्या तंत्रांत बनवायचे आणि मग जोडायचे, हा दुसरा मार्ग संगणकाच्या प्रोसेसरमध्ये रुळला आहे.

‘जुन्या’ तंत्राची किंमत

आता पुन्हा २८ नॅनोमीटरकडे. या आकड्याला उद्योगात वेगळे स्थान आहे. इथपर्यंत प्रत्येक पिढीत ट्रान्झिस्टर ठळकपणे स्वस्त होत गेला, त्यानंतर तो उतार सपाट झाला, असे अनेक जाणकार मानतात. नेमका सांधा कुठे, यावर मतभेद आहेत. पण टीएसएमसीने २०११ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू केलेले हे तंत्र आजही जोरात वापरले जाते, ते त्यामुळेच. त्याची बहुतांश प्रक्रिया एकाच छपाईत होते, महागडी अतिनील यंत्रे लागत नाहीत. ज्या कामाला अफाट वेग नको, त्यासाठी लहान चिप घेणे म्हणजे जास्त पैसे मोजणे.

अशी कामे सुदुंबऱ्याच्या आसपासच भरपूर आहेत. चाकण-तळेगाव पट्ट्यात मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात. मोटारीतल्या ब्रेकच्या, इंजिनाच्या, खिडक्यांच्या नियंत्रणाला लागणाऱ्या बहुतेक चिप २८ नॅनोमीटर किंवा त्याहून जुन्या तंत्राच्या असतात. २०२१ च्या चिपटंचाईत याच चिप मिळेनाशा झाल्या. चाकणला मोठा कारखाना असलेल्या महिंद्राने त्या सप्टेंबरात आपल्या मोटार कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी भारतात प्लेस्टेशन ५ ची आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपत होती. कन्सोल न मिळाल्याने मुले हिरमुसली. चिप न मिळाल्याने कारखाना थांबला, तेव्हा त्यात लोकांचे कामाचे दिवस गेले.

म्हणून तळेगावला जुने तंत्र येणार होते, त्यात काय गमावले, हा युक्तिवाद टिकत नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१ हजार कोटी रुपयांचा धोलेरा प्रकल्पही २८ ते ११० नॅनोमीटरच्याच चिपसाठी आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२४ मध्ये पनवेलजवळ तळोजा येथे टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी त्या दोघांतली बोलणी थांबल्याची वृत्ते आली.

उलट बाजूही नोंदवायला हवी. कारखाना आला की चिप आपोआप स्वस्त मिळतील, असे नाही. कन्सोलचा सगळा हिशेब दोन आकड्यांवर उभा होता. एका तबकडीचा खर्च किती आणि त्यातून चांगल्या चिप किती. नव्या कारखान्यात सुरुवातीला दोष जास्त असतात. ते कमी करायला अनुभवी हात, अखंड वीज, अतिशुद्ध पाणी आणि काही वर्षांची चिकाटी लागते. टीएसएमसीसारख्या कंपन्यांच्या जुन्या कारखान्यांतल्या यंत्रांची किंमत बरीचशी वसूल होऊन गेलेली आहे. त्यांच्याशी नव्या कारखान्याला भावात स्पर्धा करायची आहे. सरकारी अनुदान तबकडीचा खर्च काही काळ खाली ठेवू शकते, चांगल्या चिपची संख्या वाढवू शकत नाही.

घरातल्या खरेदीपुरते सांगायचे तर, ‘दोन वर्षे थांबू, स्वस्त होईल’ हा कन्सोलबाबतचा जुना शहाणपणा आता खात्रीचा राहिलेला नाही. थांबल्याने यंत्र हलके, थंड आणि कमी वीज खाणारे मिळेल, स्वस्त मिळेलच असे नाही. आणि उद्या राज्यात पुन्हा एखाद्या चिप कारखान्याची घोषणा झाली, तर तो किती नॅनोमीटरचा यापेक्षा त्याच्या चिप कोण विकत घेणार आणि एका तबकडीतून त्यातल्या किती धड निघणार, हे आधी विचारायला हवे.